भुतांचा केक

जामसंड्यात केक मिळत नाही असं कोणी समजू नये. बाजारात बेकऱ्या आहेत, त्यांच्या काचेच्या कपाटात गुलाबी फुलांचे केक मांडलेले असतात, आणि पोराच्या पहिल्या वाढदिवसापासून साहेबाच्या निरोप समारंभापर्यंत सगळीकडे तेच कापले जातात. तेव्हा विठोबाने घरी केक करायला घेतला तो काही गावात केकाचा दुष्काळ पडला म्हणून नव्हे. त्याला शेजारणीचा डबा परत करायचा होता. आणि खरं सांगायचं तर डबा हेही निमित्तच. त्याला घरात माणूस हवं होतं. कोणीतरी आत यावं, पाट ओढून बसावं, चार गोष्टी बोलाव्यात, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते तोंडाने मागायची त्याला लाज वाटत होती.

त्याची बायको सत्यवती जूनमध्ये गेली. साधा ताप म्हणून तिने अंगावर काढला आणि तोच ताप तिला घेऊन गेला. मूलबाळ नव्हतं. विठोबाचं उभं आयुष्य बोटीवर गेलं. परदेशी प्रवाशांना घेऊन महिनोन्‌महिने समुद्रात फिरणाऱ्या त्या बोटी म्हणजे तरंगती गावंच. त्यांच्या पोटात मोठाल्या बेकऱ्या असतात, आणि अशाच एका बेकरीत पिठाच्या गोणी उचलता उचलता विठोबा केक सजवणारा झाला. वर्षाकाठी दीड-दोन महिने घरी, बाकी पाण्यावर. तीसेक वर्षं असा पाहुण्यासारखा आला-गेला आणि मग दोन वर्षांपूर्वी कायमचा आला. आता दोघांनी निवांत म्हातारं व्हायचं असं ठरलं होतं. म्हातारपण धड सुरूही झालं नाही आणि जोडीदारीण मधूनच उठून गेली.

ती गेली तेव्हा बारा-तेरा दिवस ओट्यावर बसायला जागा नव्हती. समाचाराला येणाऱ्यांना चहा करून करून शेजारच्या बायका थकल्या. मग सगळे आपापल्या वाटेने गेले. गावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गाव विठोबाला ओळखत होतं ते सत्यवतीचा घोव, म्हणजे नवरा म्हणून, आणि गणपतीला रजा मिळाली तर आरतीत मागे उभा राहणारा माणूस म्हणून. बायका यायच्या त्या सत्यवतीकडे. ती नाही म्हटल्यावर त्या कोणाकडे येणार? शेजारची यशोदा तर सत्यवतीची जिवाभावाची मैत्रीण. पूर्वी ती मागच्या दाराने थेट चुलीपर्यंत यायची. आता ती पुढच्या पायरीवर उभी राहून विचारपूस करी आणि तिथूनच वळे. एकट्या पुरुषाच्या घरात बाईमाणसाने असं शिरू नये, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. तिचा नवरा लवू दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून 'बरो मा?' म्हणून विचारी आणि 'बरो' हे उत्तर पुरतं यायच्या आत आपल्या आंब्याच्या कलमांकडे निघून जाई.

दिवस कसेही जात. रात्र जाईना. विठोबा लहानपणी भावंडांच्या रांगेत झोपला, मग मुंबईला गावकऱ्यांच्या खोलीवर दाटीवाटीने झोपला, मग बोटीवर चार जणांच्या केबिनमध्ये झोपला, जिथे खाली इंजिन धडधडे आणि वर कोणीतरी घोरत असे. जन्मात कधी तो एकटा झोपला नव्हता. आता साठी उलटल्यावर ती पाळी आली, आणि कौलावर सुकी काटकी पडली तरी तो उठून बसू लागला. नुसत्या आवाजाला म्हणून तो रात्रभर पंखा चालू ठेवी. बारा गावचं काय, बारा बंदरांचं पाणी प्यालेल्या माणसाने 'मला भीती वाटते' असं म्हणायचं कसं? तो कोणालाच काही म्हणाला नाही.

अशात दिवाळी आली. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं, त्या घरात दिवाळीची कढई चढत नाही. शेजारीपाजारी फराळ आणून देतात, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि चांगली रीत आहे. विठोबाच्या घरीही डबे आले. कोणाची तळलेली कडक बोरं, कोणाच्या करंज्या, कोणाचा चिवडा. देणारा पायरीशी उभा राही, डबा पुढे करी, 'रवांदे, डब्याची घाई नाय' म्हणे आणि चपलांतून पाय न काढता परत फिरे. विठोबा आत या म्हणे, पण इतक्या हळू म्हणे की ते ऐकू जाण्याआधीच माणूस फाटकाबाहेर पोचलेला असे.

यशोदाचा डबा सगळ्यांत मोठा, पितळी कडीचा, पसरट. फराळ संपला आणि तो घासून पुसून ओट्यावर येऊन बसला. आता दुसरी रीत आडवी आली. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं. पण दुखवट्याच्या घरात तळण नाही, गोडधोड नाही, मग घालणार काय? सत्यवती असती तर तिने चार नारळ घालून प्रश्न मिटवला असता. विठोबाला ते सुचलं नाही, किंवा सुचलं तरी रुचलं नाही. नारळ दिला की माणूस नारळ घेतो आणि जातो. विठोबाला असं काहीतरी द्यायचं होतं की जे बघून समोरच्याने विचारावं, हे कसं केलं हो? मग तो सांगेल, मग ती ऐकेल, मग बसणं ओघाने आलंच.

महिनाअखेर आली आणि त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. एकतीस ऑक्टोबर. बोटीवर हा त्याचा दिवस असे. परदेशी लोक त्या दिवशी भुताखेतांचा सण करतात, हॅलोविन म्हणतात त्याला. पोरंटोरं मुखवटे घालून बोटभर धिंगाणा घालतात आणि मधोमध टेबलावर भुतांचा केक लागतो. तो केक दर वर्षी विठोबा करी. कवट्या, कोळ्यांची जाळी, नारिंगी भोपळे, पांढरीशुभ्र भुतं. लोक त्याच्यासोबत फोटो काढत. केकाचा फोटो तो दर वर्षी सत्यवतीला पाठवी, आधी पाकिटातून आणि पुढे फोनवरून, आणि तिचं उत्तर ठरलेलं असे, 'बरो झालो.' या दोन शब्दांवर तो पुढचं वर्षभर खूश असे.

आता विठोबाचा तर्क बघा. दुखवट्यात सण करायचा नाही, मान्य. पण हॅलोविन हा जामसंड्यात कोणाचाच सण नाही, म्हणजे तो पाळल्याचा दोष नाही. तळण करायचं नाही, मान्य. पण केक तळत नाहीत. शास्त्रात केकाला कुठे मनाई आहे? दारं बंद केलेल्या घरात त्याला एक झरोका सापडला होता आणि तो त्याने आपल्या हुशारीने शोधला म्हणून तो स्वतःवर भलताच प्रसन्न झाला.

त्या दिवशी तो पहाटे उठला. ओव्हन घरात नव्हता, पण बेकरीत आयुष्य गेलेल्याला ओव्हनवाचून अडत नाही. जाड बुडाच्या टोपात त्याने वाळू तापत ठेवली, त्यात केकाचं भांडं बसवलं, वर ताटली ठेवून ताटलीवर वरवंटा ठेवला. अंडी घालावीत की नाही, यावर त्याने बराच विचार केला. कार्तिक सुरू झालेला, यशोदा देवाधर्माची बाई, कोण जाणे चालेल की नाही. म्हणून अंडी टाळून दही घातलं. तिच्या सुनेला, सारिकाला, सातवा महिना होता, म्हणून कॉफीचा वास लागेल असं काही नको, हेही त्याने ध्यानात घेतलं. बिचाऱ्याने सगळ्या सगळ्याचा विचार केला, फक्त भुतांचा सोडून.

केक निवाला आणि मग खरं काम सुरू झालं. बटरक्रीम म्हणजे बोलूनचालून लोणी, आणि ऑक्टोबरातलं आपल्याकडचं ऊन म्हणजे लोण्याचा वैरी. बोटीवरच्या बेकरीत गारठ्याने बोटं आखडत. इथे त्याने परातीत बर्फ टाकला, बर्फात पातेलं ठेवलं आणि लोणी फेसायला घेतलं. पिवळं लोणी फेसून फेसून पांढरं झालं की चाळलेली पिठीसाखर थोडी थोडी घालायची, घाई केली की कणी राहते. हाताला रग लागली, पण कितीतरी महिन्यांनी ती ओळखीची रग होती. सजवायच्या पिशवीच्या जागी त्याने दुधाची जाड पिशवी धुऊन कोपरा कापला. सजवताना केक फिरवायच्या बैठकीच्या जागी कुंभाराकडचं उथळ मडकं पालथं घातलं.

डब्यात केक सजवून घालायचा तर हात आत जात नाही. यावर बेकरीतली एक युक्ती आहे. डब्याचं झाकण खाली ठेवायचं, केक झाकणावर बसवायचा, सजवायचा आणि मग वरून डबा टोपीसारखा पालथा घालायचा. विठोबाने तसंच केलं. केकावर सपाट पांढरा थर दिला. वितळलेल्या चॉकलेटची एकात एक कडी काढली आणि दात कोरायच्या काडीने मधून बाहेर रेघा ओढल्या. बघता बघता कोळ्याचं जाळं तयार झालं. काठाने छोटे नारिंगी भोपळे लावले. मग भुतं. पिशवी उभी धरायची, बुडाशी दाबायचं, दाबत दाबत वर उचलायचं आणि टोकाशी हलकेच सोडायचं, की गोरंगोमटं भूत उभं राहतं. डोळ्यांना चॉकलेटचे ठिपके. एक भूत जरा कललं, दुसरं लठ्ठ झालं, एकाचे डोळे इतके जवळ आले की ते चिडल्यासारखं दिसू लागलं. विठोबा स्वतःशीच हसला. जूननंतर त्या घरात कोणी हसलं असेल तर ते तेव्हा.

लोणी उन्हात टिकणार नाही म्हणून त्याने ऊन उतरायची वाट बघितली. सदरा बदलला, केस विंचरले. यशोदा येईल, केक कापू, चहा टाकू, असं म्हणून दोन पाट भिंतीशी लावून ठेवले, मग आणखी एक ठेवला, कदाचित लवूही येईल म्हणून. आणि ऐन तिन्हीसांजेला, दिवे लागायच्या घटकेला, पालथा डबा दोन्ही हातांनी धरून तो शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

यशोदा घरात नव्हती. देवबागला बहिणीकडे गेली होती, दुसऱ्या दिवशी यायची होती. लवू कलमांच्या बागेत. दारात आली ती सारिका, एक हात कमरेवर ठेवून. काकांच्या हातात पालथा डबा बघूनच ती थबकली. विठोबाने मोठ्या हौसेने डबा वर उचलला. आत तिने बघितलं ते एवढंच, की ज्या घरातली बाई जाऊन अजून वर्षही झालं नाही, त्या घरातून भरल्या तिन्हीसांजेला आपल्या दारात पांढरी भुतं आली आहेत, आणि ती सगळी आपल्याकडे बघताहेत.

तरी पोर संयमाची. ती किंचाळली नाही की मागे सरली नाही. आपल्याकडे सांजेला खाण्याचा पदार्थ एका घरातून दुसऱ्या घरात नेताना त्यावर कोळशाचा तुकडा ठेवतात, म्हणजे वाटेत काही मागे लागत नाही. तेवढंच तिने विचारलं.

"काकानू, कोळसो नाय ठेवल्यात?"

विठोबाला वाटलं, गंमत करायची हीच वेळ. तो म्हणाला, "गो, भुतां आतच बसली आसत. बाहेरची कित्याक येतली?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली. सारिकाचा चेहरा उतरला. तिने पदर पोटावर ओढला, डबा तिथेच पडवीच्या कठड्यावर ठेवायला सांगितला आणि आई उद्या येतील असं म्हणून दार लोटलं. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं. विठोबा घरी आला. तिन्ही पाट त्याने परत उचलून जागेवर ठेवले आणि दिवा लावला.

सकाळी तो मागच्या अंगणात आला तर दोन घरांमधल्या गडग्यावर डबा ठेवलेला होता. विठोबाने वर उचलला. केक जसाच्या तसा, कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. फक्त भुतांच्या मधोमध, जाळ्याच्या ऐन मध्यावर, कोळशाचा एक मोठा तुकडा रोवलेला होता, आणि त्याची काळी भुकटी पांढऱ्या थरावर पसरली होती. रिवाज म्हणाल तर कुठेही मोडला नव्हता. डबा रिकामा परत आला नव्हता.

तेव्हा कुठे विठोबाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि या खेपेचा प्रकाश काही सुखाचा नव्हता. सातव्या महिन्यातल्या पोरीला आपण दुखवट्याच्या घरातून भुतं नेऊन दिली, वर विनोद केला. या गावात आपण जन्मलो, पण गावात कसं वागायचं ते शिकायच्या वयात आपण दुसरीकडे होतो. त्याला सारिकाचा राग आला नाही, स्वतःची शरम वाटली. आता शेजारचं उरलंसुरलं 'बरो मा'ही बंद होणार, हे तो धरूनच चालला. केक टाकून द्यावा असं मनात आलं, पण हाताने केलेलं टाकायला बेकरीवाल्याचा हात उठत नाही. त्याने तो आत आणून बर्फाच्या परातीत ठेवला आणि दुपारी जेवला नाही.

चारच्या सुमाराला मागचं दार वाजलं. वाजलं म्हणजे काय, ढकललं गेलं, आणि यशोदा आत आली. देवबागहून आल्यावर तिने अंगावरचं लुगडंही बदललं नसावं. तिने पाट ओढला आणि ती बसली. विठोबाने हात जोडल्यासारखं केलं आणि माफी मागायला सुरुवात केली. तिने ती अर्ध्यावरच तोडली. सारिका घाबरली हे खरं, पण आता शांत आहे, लहान आहे, मनावर घेऊ नका, आणि केक कुठे ठेवलात तो दाखवा, असं ती म्हणाली.

विठोबाने परात पुढे केली. यशोदाने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि केक निरखला. कलंडलेलं भूत बघितलं, लठ्ठ भूत बघितलं, चिडलेल्याकडे बघून तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिने कोळसा उचलून चुलीत टाकला आणि विचारलं, "ह्यातली सत्यवती खंयची?"

विठोबा दचकला. जून महिन्यापासून त्या घरात कोणी तिचं नाव असं सरळ घेतलं नव्हतं. लोक 'ती', 'बिचारी', 'आमची वयनी' म्हणत आणि घाईने विषय बदलत. कसंबसं तो म्हणाला, की यातली कुठलीच नाही, ती कशाला भूत होईल.

"ता खरा," यशोदा म्हणाली. "भूत होवक आदी भुताचा भय सोडूक व्हया. तिका काय ता जमुचा नाय."

विठोबाला कळेना. सत्यवती आणि भित्री? दर फोनवर तो विचारी, एकटी आहेस, भय नाही ना वाटत? आणि ती दर वेळी हसून म्हणे, माका कसला भय? ती धीट आहे हे त्याने बोटीवरच्या सगळ्या सोबत्यांना अभिमानाने सांगितलं होतं. माझी बायको एकटी घर सांभाळते, वाघीण आहे, असं.

यशोदा मग सांगत गेली आणि विठोबा ऐकत गेला. बोटीवर जाताना त्याची गाडी वळणापलीकडे गेली, की त्या सांजेला सत्यवती गडग्याशी येऊन उभी राही आणि हाक मारी. सोबतीला ये म्हणे. यशोदा त्या वेळी नवी सून होती. सासू कुरकुरे, पण बाईमाणसाला सोबत नाही म्हणायची पद्धत नव्हती. वाकळ काखोटीला मारून ती इथे झोपायला येई. पुढे पोरं झाली, ती पोरं घेऊन येई. माझी बायको माझ्या घरात कमी आणि विठोबाच्या घरात जास्त, असं लवू चारचौघांत म्हणे. एक-दोन नव्हे, विठोबा ज्या ज्या रात्री समुद्रावर होता त्या सगळ्या रात्री सत्यवतीने शेजारणीच्या हाताला धरून काढल्या होत्या. काटकी पडली तरी ती उठून बसायची.

"आणि तुमचो तो केकाचो फोटो इलो," यशोदा म्हणाली, "मगे तर दिवे लागूच्या आदीच हाक. फोटो कपाटात पालथो घाली. मी म्हणा, गो, फाडून टाक. तर म्हणी, तेंनी केलेलो आसा, फाडू कसो?"

विठोबा खाली बसला. बरो झालो, बरो झालो. तीस वर्षं तो त्या दोन शब्दांवर जगला होता. आपण मोठ्या प्रेमाने दर वर्षी एकट्या बाईच्या घरी भुतं पाठवत होतो, आणि ती ती पालथी घालून, डोळे मिटून आपल्याला शाबासकी देत होती. काल सारिकाला जे केलं ते आपण पहिल्यांदा केलं नव्हतं.

त्याने विचारलं, तिने मला कधी सांगितलं का नाही? यशोदाने केकाचा कडेचा तुकडा कापला, काळी भुकटी लागलेला भाग बोटाने बाजूला केला आणि तोंडात टाकला. चावता चावता तिने उलट विचारलं, सांगितलं असतं तर तुम्ही नोकरी सोडून आला असतात का? विठोबा आला नसता. घर बांधायचं होतं, बहिणींची लग्नं होती, आणि खरं म्हणजे त्याला बोट आवडत होती. सत्यवतीला हे ठाऊक होतं, म्हणून तिने सांगितलं नाही. इतकं साधं होतं ते, आणि इतक्या साध्या गोष्टीवर त्या दोघांचा संसार झाला होता.

केक चांगला झाल्याचं यशोदाने सांगितलं. साखर जरा कमी चालली असती, असंही सांगितलं. चहा तिनेच टाकला, कारण साखरेचा डबा कुठे आहे ते विठोबापेक्षा तिला नीट माहीत होतं. चहा पिता पिता ती बऱ्याच दिवसांचं साठलेलं बोलत राहिली. सत्यवती भरल्या बाजारात मासेवालीशी कशी हुज्जत घाली, झोपेत कशी बडबडे, पावसात कौलं गळत तेव्हा टोपं मांडून दोघी कशा हसत बसत. विठोबाला आपल्या बायकोची ओळख होत होती, आणि ती आता नव्हती.

बाहेर ऊन कलायला लागलं तशी यशोदा उठली. दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि जे सांगायलाच बहुधा आली होती ते पाठमोरीच बोलली.

"तुमी कायमचे घराक इलात मा, त्या रातीपासून तिना माका एकदाय हाक मारूक नाय."

विठोबा मान खाली घालून बसला होता. ती दोन वर्षं त्याच्या डोळ्यांपुढे आली. रोज रात्री त्याच्या आधी झोपणारी, कडी लावलीत का म्हणून एकदाच विचारून गाढ झोपी जाणारी सत्यवती. हिला झोप फार, म्हणून तो तिला चिडवायचा. त्याने डोळे पुसले नाहीत. यशोदा पायरी उतरायला लागली तेव्हा तो एकदम म्हणाला, "वयनी, माका भय वाटता."

ती वळली. कसलं, असं तिने विचारलं नाही.

"रातचो मी झोपाक नाय," तो म्हणाला. "लवूक सोबतीक धाडशात?"

यशोदा हसली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं आणि क्षणभर विचार केला. नवऱ्याला आपण सांगू शकतो, पण सांगून आलेली सोबत सोबत नसते, असं ती म्हणाली. "हाक तुमीच मारा. ती मारी तशी. सगळ्या वाडीक ऐकाक येवक व्हयी."

ती गेली. विठोबाने कपबश्या विसळल्या, अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. सूर्य खाली गेला, शेजारच्या तुळशीपुढे दिवा लागला. तो गडग्याशी जाऊन उभा राहिला. पलीकडे पडवीत लवू खाटेवर बसून तंबाखू मळत होता, सारिका आतबाहेर करत होती, वाटेने दोन-तीन माणसं बाजारातून परतत होती. पहिल्या खेपेला विठोबाने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाटेवरच्या माणसांनी ऐकलं तर काय म्हणतील, हे त्याच्या मनात आलं, आणि तीस वर्षं रोज संध्याकाळी सत्यवतीच्याही मनात ते आलं असणार, हे त्याला कळलं.

"लवू रे," त्याने मोठ्याने हाक मारली. "सोबतीक येतस काय?"

वाटेवरच्या माणसांनी वळून बघितलं आणि ती चालू लागली. लवूने तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि खाटेवरची वाकळ उचलली.

"इलंय," तो म्हणाला.